गाडीखालचा कुत्रा आणि गाडीतला कुत्रा

घाटनांदूरला मे महिन्यात दुपारी बारानंतर रस्त्यावर माणूस दिसत नाही. अंबाजोगाईहून अहमदपूरकडे जाणारी एसटी थांबते, चार माणसं उतरतात, डोक्यावर उपरणं नाहीतर पदर ओढतात आणि सावली धरून चालू लागतात. परळीकडची रेल्वे आली की स्टेशनावर तेवढ्यापुरती हालचाल होते, मग पुन्हा सगळं सामसूम. अशा वेळी गावातली कुत्री कुठे असतात, हे पाहण्यासारखं असतं. एखादं कडुलिंबाच्या बुडाशी पुढच्या पायांनी माती उकरून, वरची तापलेली माती बाजूला सारून, आतल्या गार मातीला पोट टेकवून पडलेलं असतं. एखादं पाण्याच्या टाकीच्या गळक्या तोटीखालच्या चिखलात. एखादं रांजणाला पाठ लावून. आणि कुठे मोटार उभी असेल, तर तिच्याखाली हमखास एक असतंच.

आता याच गाडीकडे लग्नसराईच्या दिवसांत पुन्हा पाहा. आमच्या बीड जिल्ह्यातली निम्मी पोरं पुण्याला, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला. लग्नाला, जत्रेला, सुट्टीला सगळे गाडी करून गावाकडे येतात. फ्लॅटमध्ये पाळलेला कुत्रा मागे ठेवायचा कुणाकडे? म्हणून तोही येतो. सात-आठ तासांच्या प्रवासात तो पोरांच्या मांडीवर असतो. पण मंगल कार्यालयात त्याला नेता येत नाही, परळीला वैजनाथाच्या किंवा अंबाजोगाईला योगेश्वरीच्या रांगेत तर नाहीच नाही. मग गाडी लावली जाते, काच दोन बोटं खाली केली जाते, आणि दारात उभ्या असलेल्या मामांना भाचा सांगतो, "आलोच मामा, पाच मिनिटांत. अक्षता टाकल्या की निघालो."

त्या घटकेला एकाच गाडीशी दोन कुत्री असतात. एक गाडीखाली, एक गाडीत. दोघांत अंतर हातभराचं. खालचा डोळे मिटून निवांत पडलेला, वरचा मात्र त्याच्या आयुष्यातल्या सगळ्यात धोकादायक जागी बसलेला. त्याला तिथे ठेवणारा माणूस दुष्ट नाही. उलट घरी एकटा राहील म्हणून तो त्याला शेकडो किलोमीटर सोबत घेऊन आला आहे. चूक प्रेमात नाही, हिशेबात आहे. तो हिशेब नीट मांडावा, म्हणून हे लिहितो आहे.

आधी गाडीचं पाहू. ऊन काचेतून आत येतं. आपल्याकडे नियमच असा आहे की गाडीच्या पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. रस्ता दिसण्यासाठी ते योग्यच आहे, पण उजेडाबरोबर ऊनही आत येतं. ते काळ्या डॅशबोर्डवर, सीटवर, स्टेअरिंगवर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेली वस्तू पुन्हा उष्णता बाहेर टाकते, पण ती आता न दिसणाऱ्या, लांब लहरींच्या रूपात असते आणि काच त्या लहरींना आरपार जाऊ देत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तापलेली हवा वर चढून निघून जाण्याचा तिचा नेहमीचा रस्ताच बंद असतो. डोक्यावर पत्रा, चहूकडे काच. हवा तिथल्या तिथे फिरते आणि अजून तापते.

किती लवकर तापते, याचा अंदाज घरच्या वस्तूवरून घेता येतो. स्वच्छ आभाळ असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॅट एवढी ऊर्जा पडते. बादलीत सोडून पाणी तापवायची रॉड साधारण तेवढ्याच ताकदीची असते. लहान गाडीच्या आतली जागा धरा तीन घनमीटर. त्यातल्या हवेचं वजन भरतं जेमतेम साडेतीन किलो. बादलीत पाणी पंधरा-वीस किलो असतं आणि पाणी तापायला जड, तरी ती रॉड अर्ध्या तासात अंघोळीचं पाणी काढते. साडेतीन किलो हवा दहा अंशांनी तापवायला त्या रॉडला अर्धं मिनिट पुरेल. प्रत्यक्षात अर्ध्या मिनिटात गाडी तापत नाही, कारण बरीचशी उष्णता आधी सीट, गाद्या, प्लॅस्टिक आणि पत्रा पिऊन घेतात. पण एकदा त्या वस्तू तापल्या की मग सगळ्या बाजूंनी आतल्या हवेलाच तापवत बसतात.

आमच्याकडची जुनी माळवदाची घरं याच्या बरोबर उलट होती. हातभर जाडीच्या भिंती, वर मातीचा थर, छताला झरोका. दुपारचं ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि गरम हवा झरोक्यातून वर निघून जायची. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची दुपार काढलेल्या माणसाला दोन्हींतला फरक सांगावा लागत नाही. मोटार म्हणजे पत्र्याची खोलीच, पण चहूबाजूंनी काचा लावलेली आणि झरोका नसलेली.

याची मोजमापं अनेकदा झाली आहेत. २००५ साली अमेरिकेत मॅकलॅरेन, नल आणि क्विन या तिघांनी गडद रंगाची गाडी उन्हात उभी करून वेगवेगळ्या सोळा दिवशी आतलं तापमान मोजलं. बाहेरची हवा कधी २२ अंश सेल्सियस होती, कधी ३६. बाहेर काहीही असो, तासाभरात आतलं तापमान सरासरी २२ अंशांनी वर गेलं. आणि या वाढीपैकी ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली होती. जॅन नल यांनी केलेल्या मोजमापांत पहिल्या दहाच मिनिटांत दहा-अकरा अंश चढलेले दिसतात.

हे आकडे घाटनांदूरला आणून पाहा. मे महिन्यात बाहेर ४० अंश आहेत. गाडी एसीमुळे आतून गार आहे असं धरलं, तरी दाराला कुलूप लावल्यापासून बाहेरच्या हवेची बरोबरी व्हायला वेळ लागत नाही, आणि त्यानंतर चढण सुरूच राहते. अर्ध्या तासात ५५च्या पुढे. मला जास्त काळजी वाटते ती हिवाळ्याची. पौषातल्या किंवा माघातल्या दुपारी आपण बाहेर छान कोवळं ऊन म्हणतो, २८-२९ अंश. गाडीत अर्ध्या तासाने तेच ४६-४७ होतात. मे महिन्यात निदान माणूस सावध असतो, स्वतः भाजून निघतो म्हणून त्याला कुत्र्याची आठवण येते. हिवाळ्यातल्या लग्नाला ती आठवण करून देणारं काही नसतं.

"सावलीत लावलीय" हे उत्तरही ऐकू येतं. ॲरिझोना राज्यात टेंपी नावाच्या, आपल्या विदर्भ-मराठवाड्याला लाजवेल अशा उष्ण शहरात झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. उन्हात तासभर उभ्या केलेल्या गाड्यांच्या आतली हवा सरासरी ४७ अंशांना पोचली, डॅशबोर्ड ६९ अंशांना. सावलीतल्या गाड्यांत हवा ३८ अंश आणि डॅशबोर्ड ४८. फरक मोठा आहे, सावलीचा उपयोग आहेच. पण सावलीतले ३८ अंशही बंद जागेत कुत्र्याला झेपणारे नाहीत, हे पुढे येईल. शिवाय सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो. लिंबाखाली साडेअकराला लावलेली गाडी जेवणाच्या पंगती उठेपर्यंत उन्हात आलेली असते. गाडीखालचा कुत्रा सावली सरकली की उठतो आणि दुसरीकडे जातो. गाडीतल्याला ते करता येत नाही.

आता त्या दोन बोटं उघड्या काचेकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा तिथे आहे. काच थोडी खाली का ठेवतो आपण? "हवा येत राहावी" म्हणून. म्हणजे आपल्या मनात भीती असते ती गुदमरण्याची. बंद गाडीतल्या मृत्यूंच्या बातम्यांतही बहुधा "गुदमरून" हाच शब्द येतो. पण गाडी हवाबंद डबा नसते, दारांच्या रबरांतून, खालून, वरून थोडी हवा येत-जात असतेच. ती मुळीच येत नाही असं धरलं, तरी तीन घनमीटर हवेत ६०० लिटरच्या वर प्राणवायू असतो. दहा किलोच्या कुत्र्याला तो कितीतरी तास पुरेल. कुत्रा त्याच्या फार आधी जातो, पाऊण-एक तासात, कधी त्याहूनही लवकर. तो हवा संपली म्हणून जात नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकता आली नाही म्हणून जातो.

रोग ओळखण्यात चूक झाली की औषधही चुकतं. गुदमरणं हा रोग असता, तर काचेची फट हे औषध ठरलं असतं. रोग उष्णतेचा आहे, आणि वर सांगितलेल्या २००५च्या अभ्यासात काचा थोड्या उघड्या ठेवूनही मोजमाप घेतलं होतं. आतलं तापमान चढण्याच्या वेगात सांगण्याजोगा फरक पडला नाही. ती फट माणसाच्या मनाला बरं वाटण्यापुरती असते.

कुत्र्याच्या शरीराकडे पाहिलं की हे अधिक स्पष्ट होतं. माणसाला सगळ्या अंगभर घाम येतो. कुत्र्याला तसा घाम फक्त पंजांच्या गाद्यांना येतो, तोही नावापुरता. थंड होण्यासाठी त्याच्याकडे मुख्य साधन एकच, धाप. शांत बसलेला कुत्रा मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेतो. उन्हात तोच आकडा तीनशेच्या पुढे जातो. नाकातून हवा आत, ओल्या नाकपुड्यांवरून, तोंडातून बाहेर, ओल्या लोंबत्या जिभेवरून. जिभेतल्या रक्तवाहिन्या फुगतात, जीभ मोठी आणि लालबुंद होते. ओलावा वाफ होऊन जातो आणि जाताना रक्तातली उष्णता घेऊन जातो. इतक्या वेगाने धाप टाकूनही कुत्रा दमत नाही, कारण त्याची छाती स्प्रिंगसारखी आपल्या स्वाभाविक लयीत हलते आणि तिला फारसा जोर लावावा लागत नाही. निसर्गाची ही करामत पाहून मी थक्क होतो.

आपण हेच तत्त्व दोन वस्तूंत रोज वापरतो, माठात आणि कूलरमध्ये. माठातलं पाणी पाझरतं, वाफ होऊन जातं आणि आतलं पाणी गार करतं. पावसाळ्यात हाच माठ पाणी गार करत नाही, कारण भोवतालची हवा आधीच ओली असते, तिच्यात आणखी वाफ मावत नाही. आणि कूलर लावून खिडक्या-दारं बंद केली तर काय होतं, हे मराठवाड्यात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पहिली दहा मिनिटं गार वाटतं, मग खोली चिकचिक करते, अंग ओलं होतं आणि गारवा जातो. म्हणून कूलर नेहमी खिडकीत बसवतात आणि समोरचं दार उघडं ठेवतात.

बंद गाडीत धापणारा कुत्रा म्हणजे दारं-खिडक्या बंद करून लावलेला कूलर. प्रत्येक श्वासागणिक तो त्या तीन घनमीटर हवेत ओलावा सोडत असतो. हवा ओली होत जाते, जिभेवरची वाफ उडेनाशी होते, आणि धाप वाढवून तो अधिकच ओलावा सोडतो. स्वतःला वाचवण्यासाठी जे करतो आहे, तेच त्याच्यावर उलटतं. जुलै २०२५ मध्ये आग्र्याला ताजमहालाच्या पार्किंगमध्ये हरियाणातून आलेल्या पर्यटकांच्या गाडीत त्यांचा कुत्रा मेला, तेव्हा तो मे महिना नव्हता, पावसाळा होता. दमट हवेत माठही हरतो आणि कुत्राही.

निरोगी कुत्र्याच्या अंगाचं तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश असतं, गावातल्या डॉक्टरांच्या फॅरनहाइटच्या भाषेत १०१ ते १०२.५. ते ४१च्या वर गेलं की उष्माघात सुरू झाला असं समजायचं. ४३च्या आसपास शरीरातली प्रथिनं बिघडू लागतात, आतड्याचं अस्तर फाटतं आणि आतले जंतू रक्तात उतरतात, रक्त एकीकडे गोठायला आणि दुसरीकडे वाहायला लागतं, मूत्रपिंड आणि यकृत बंद पडू लागतात. निरोगी आणि मरणोन्मुख यांच्यात फक्त चार अंशांचं अंतर आहे. गाडी हे अंतर किती मिनिटांत कापते, ते वर आलंच आहे.

काही कुत्र्यांना तर तेवढीही सवड नसते. पगचं नाक चपटं. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत तो पोराच्या मागे मागे चालला आणि गावोगाव लोकांनी तो पाळायला घेतला. पण ज्या नाकाच्या ओल्या पोकळीवर कुत्र्याचं थंड होणं अवलंबून आहे, ती पोकळीच माणसाने त्याची पैदास करताना चेपून टाकली आहे. बुलडॉग, शिह त्झू, बॉक्सर यांचंही कमी-जास्त तेच. हस्की बर्फातला, सेंट बर्नार्ड आल्प्स पर्वतातला. आमच्या बालाघाटच्या माळावर त्यांना आणणं हेच मुळात मला पटत नाही, पण आणलंच आहे तर त्यांच्या अंगावरची लोकरीची दुहेरी चादर लक्षात ठेवायला हवी. म्हातारे, जाडे, हृदयाचा विकार असलेले आणि अगदी लहान कुत्रे हेही याच रांगेत.

गावठी कुत्रा या सगळ्यांपेक्षा काटक खरा. लांब नाक, आखूड केस, सडपातळ अंग. पण त्याचं खरं बळ शरीरात नाही. त्याला जागा बदलता येते, हे त्याचं बळ आहे. ऊन वाढलं की उठायचं, माती उकरायची, चिखल शोधायचा, ओढ्याला जायचं, दुपारभर हलायचंच नाही. गावठी कुत्र्यालाही गाडीत कोंडलं तर त्याचं काटकपण दहा-वीस मिनिटं जास्त टिकेल, एवढंच.

"एसी चालू ठेवलाय" हा शेवटचा भरवसा. इंजिन चालू, एसी चालू, दुसऱ्या किल्लीने दार बंद. एसी चालू आहे तोवर कुत्रा सुखात आहे हे खरं. पण इंजिन बंद पडू शकतं, तापून एसीचा कॉम्प्रेसर थांबू शकतो, पेट्रोल संपू शकतं, कुत्र्याचा पाय लागून बटण फिरू शकतं. अशा वेळी बाहेर कुणालाच कळत नाही, कारण गाडी बाहेरून तशीच दिसते. टेस्लाने २०१९ साली आपल्या विजेच्या गाड्यांत कुत्र्यासाठी वेगळी सोय केली, मालक नसताना एसी चालू ठेवायची आणि पडद्यावर आतलं तापमान मोठ्या अक्षरात दाखवायची. त्या सोयीमागेही येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं, कळावं हीच मुख्य कल्पना आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत ते नाही.

हे सगळं लिहिताना माझ्या डोळ्यासमोर फक्त कुत्रे नाहीत. जून २०२३ मध्ये नागपुरात घराजवळ उभ्या असलेल्या गाडीत खेळता खेळता गेलेली तीन मुलं दुसऱ्या दिवशी मृतावस्थेत सापडली. चार आणि सहा वर्षांची होती. एप्रिल २०२४ मध्ये मुंबईत अँटॉप हिलला बेवारस पडलेल्या गाडीत पाच आणि सात वर्षांची भावंडं अशीच गेली. लहान मुलाचं अंग मोठ्या माणसाच्या तीन ते पाच पट वेगाने तापतं. तिथेही गाडी तीच, ऊन तेच. दारात उभी राहणारी गाडी कुलूपबंद ठेवणं आणि पडीक गाड्या गल्लीतून हलवणं हे काम मुलांसाठी आहे आणि कुत्र्यांसाठीही.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुत्र्यांना उष्माघात होतो तो सगळा गाडीतच, असं नाही. ब्रिटनमध्ये २०१६ सालच्या नऊ लाखांवर कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या गेल्या. तिथे उष्माघाताच्या चारपैकी तीन घटना उन्हात पळवल्याने, फिरवल्याने झालेल्या होत्या, गाडीतल्या साधारण वीसात एक. उष्माघात झालेल्या सात कुत्र्यांमागे एक मेला. मोटरसायकलच्या मागे साखळी बांधून सकाळी दहा वाजता कुत्रा पळवणारी हौशी मंडळी आपल्याकडेही आहेत, त्यांनी हा आकडा वाचावा. तरी गाडीकडे मी जास्त लक्ष वेधतो, कारण पळणारा कुत्रा निदान थांबून बसू शकतो, आडवा पडू शकतो. गाडीत त्याच्या हातात काहीच उरत नाही.

कायदा काय म्हणतो? रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेल्या आग्रहातून प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. प्राण्याला विनाकारण यातना होतील असं वागवणं, अपुऱ्या जागेत कोंडणं, पुरेसं पाणी आणि निवारा न देणं हे त्याच्या कलम ११ खाली गुन्हे आहेत. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही १० ते ५० रुपये आहे. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी त्या रकमेला वजन होतं, आज चहा-भज्याचे पैसे होतात. प्राणी मेला किंवा जायबंदी झाला आणि तसं करण्याचा हेतू असेल किंवा तसं होईल हे माहीत असेल, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

बंद गाडीत धापा टाकणारा कुत्रा दिसला तर वाटसरूने काय करायचं? गाडीचा नंबर घ्यायचा आणि मंगल कार्यालयात, देवळात माइकवरून पुकारायला सांगायचं. आमच्याकडच्या लग्नात "एमएच चव्वेचाळीस नंबरची गाडी बाजूला घ्यावी" अशी हाक पन्नास वेळा जाते, तशीच ही. सोबत ११२ला फोन. तोवर गाडीवर उपरणं, सतरंजी, जे मिळेल ते टाकून पुढच्या काचेवरचं ऊन अडवायचं. कुत्रा आडवा पडला, डोळे फिरवू लागला, उलटी करू लागला आणि मालक सापडत नसेल, तर काच फोडण्यावाचून उपाय राहत नाही. त्याआधी दोन माणसं साक्षीला घ्यावीत, मोबाइलवर चित्रीकरण करावं. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता केलेल्या लहान नुकसानीला न्याय संहितेचं कलम १९ संरक्षण देतं, आणि ते इथे लागू पडेल असं माझं मत आहे. पुढची काच फोडायला जाऊ नये, ती दोन थरांची असते, तडकते पण पडत नाही. कुत्र्यापासून लांबची, बाजूची काच निवडायची आणि टामीने किंवा टोकदार दगडाने तिच्या कोपऱ्यावर मारायचं. मधोमध मारलं तर ती बऱ्याचदा दाद देत नाही.

बाहेर काढल्यावरची पहिली पाच-दहा मिनिटं सगळ्यात मोलाची. इथे जुना सल्ला बदलला आहे, आणि तो अजून गावोगाव पोचलेला नाही. "एकदम गार पाणी टाकू नका, धक्का बसतो" असं आपण ऐकत आलो. अलीकडच्या संशोधनाने त्याला आधार मिळालेला नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकीय संशोधकांचं सांगणं सरळ आहे. आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. त्यांच्याच पाहणीत असं दिसलं की दवाखान्यात आणलेल्या पाच कुत्र्यांपैकी साधारण एकालाच वाटेत थंड केलेलं होतं. बाकीच्यांना तशाच तापल्या अंगाने गाडीत घालून आणलं होतं, म्हणजे पुन्हा गाडीच.

तरुण, धडधाकट कुत्रा असेल तर हौदात, टपात मानेपर्यंत बुडवायचा, डोकं वर धरून. म्हातारा किंवा आजारी असेल तर अंगावर सतत पाणी ओतायचं आणि जोराचा वारा घालायचा, पंखा असेल तर पंखा. पाणी त्याच्या अंगापेक्षा गार असलं की झालं. आमच्या गावापुरती एक सूचना जोडतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी दुपारी चटका बसेल इतकं तापलेलं असतं, आणि उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी तर त्याहून. ते वापरू नये. बोअरचं ताजं पाणी, रांजणाचं पाणी, विहिरीचं पाणी वापरावं. पाइपातलं पहिलं पाणी जमिनीवर सोडून द्यावं. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये. तो दोन मिनिटांत गरम होतो आणि आतली उष्णता कोंडून धरतो. अंगाखाली ओलं पोतं अंथरलं तर चालेल.

शुद्धीवर असेल आणि स्वतःहून प्यायला तर पाणी द्यावं. तोंड उघडून ओतू नये, ते फुप्फुसात जातं. ताप समजून पॅरासिटामॉलची गोळी देऊ नये. हा ताप नव्हे, या गोळीने तो उतरत नाही, आणि कुत्र्याच्या यकृताला ती अपाय करते. ऊन लागलं की आपण कांदा देतो, कांद्याचा रस लावतो, नाकाशी कांदा फोडून धरतो. माणसाला द्यायचा तर द्यावा. कुत्र्याला कांदा पोटात देणं म्हणजे विष देणं. कांद्यातली द्रव्यं त्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. हे एवढं एक वाक्य तरी घरातल्या आजीपर्यंत पोचावं, कारण अशा वेळी कांदा आणायला धावते ती प्रेमापोटी तीच.

कुत्रा उठून उभा राहिला, शेपूट हलवू लागला, तरी दवाखाना चुकवायचा नाही. मूत्रपिंडाचं, रक्ताचं बिघडणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा नंबर आहे. तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि पुढच्या उपचारांसाठी उदगीर आणि परभणी इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं दीड-दोन तासांच्या वाटेवर. दवाखान्याकडे निघताना गाडीचा एसी पूर्ण सोडायचा किंवा सगळ्या काचा खाली करायच्या, आणि कुत्र्याचं अंग ओलं ठेवायचं.

देवळात जाताना कुत्रा कुठे ठेवायचा, हे कोडं मात्र सोपं आहे. अंबाजोगाई ही दासोपंतांची, दत्तभक्ताची नगरी. दत्ताच्या प्रत्येक तसबिरीत पायाशी चार कुत्रे उभे असतात, देवाच्या सावलीत. घरातून चौघं निघाले असतील तर दोघांनी आधी दर्शन घ्यावं, दोघांनी कुत्र्याला घेऊन झाडाखाली बसावं, मग अदलाबदल करावी. लग्नघरी गेलात तर यजमानाच्या ओसरीच्या कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवून त्याला बांधावं. गावातल्या घराला एका कुत्र्याची अडचण होत नाही. ज्याच्या सोबतीला कुणीच थांबणार नाही, अशा दिवशी त्याला शेजाऱ्याकडे ठेवून यावं.

आणि निघताना, चाक फिरवण्याआधी, एकदा वाकून गाडीखाली पाहावं. बॉनेटवर थाप मारावी. तिथे तो दुसरा अजून झोपलेला असतो. थाप ऐकून तो डोळे उघडतो, आळस देतो, सावकाश बाहेर येतो, आणि समोरच्या लिंबाखाली जाऊन पुन्हा माती उकरायला लागतो.